स्मशानातली पाखरे आणि फुरसतीचा हक्क

मे महिन्यात आमच्या अभ्यासवर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर एक वाद झाला. वर्गातला एक तरुण सध्या न्यू जर्सीत शिकतो. त्याने न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या ग्रीन-वूड दफनभूमीतले फोटो टाकले. पहाटेची वेळ, जुन्या थडग्यांमधून जाणारी वाट, गळ्यात दुर्बिणी अडकवलेली वीसेक माणसे आणि झाडाच्या शेंड्याकडे लागलेल्या त्यांच्या नजरा. वसंतात उत्तरेकडे परतणारे पक्षी पाहायला ही मंडळी जमली होती. काहींनी अंगठे दाखवले. एका ज्येष्ठ कार्यकर्त्याने मात्र लिहिले, "आपल्या गावात मढं न्यायला वाट नाही, आणि तुम्ही तिकडं स्मशानात पाखरं बघत फिरताय?"

या वाक्यावर हसून पुढे जाता येत नाही, कारण त्यातला पहिला भाग शंभर टक्के खरा आहे. पण त्यातून जो निष्कर्ष काढला जातो, की पक्षी पाहणे हे पोट भरलेल्यांचे चोचले असून चळवळीने त्यात पडू नये, तो मला मान्य नाही. मढ्याला वाट नसणे आणि जिवंत माणसाला झाडाखाली निवांत उभे राहण्याची मुभा नसणे हे दोन वेगळे प्रश्न नाहीत. जमीन कोणाची, वाट कोणाची आणि नजर कोणाची, या एकाच प्रश्नाची ती दोन टोके आहेत. हे टप्प्याटप्प्याने तपासू.

दफनभूमीत पक्षी का येतात?

आधी साधी माहिती. ग्रीन-वूड १८३८ साली स्थापन झाली. क्षेत्रफळ ४७८ एकर. साडेपाच लाखांहून अधिक माणसे तिथे पुरलेली आहेत. त्या काळी न्यूयॉर्कमध्ये मोठ्या सार्वजनिक बागा जवळपास नव्हत्याच, त्यामुळे टेकड्या, तळी आणि झाडी असलेल्या या दफनभूमीत लोक सहलीला जात. पुढे सेंट्रल पार्कची मागणी जोर धरू लागली, त्यामागे या गर्दीचाही वाटा होता.

मध्य आणि दक्षिण अमेरिकेत हिवाळा काढलेले लहान लहान पक्षी एप्रिल-मे महिन्यांत अटलांटिक किनाऱ्याच्या मार्गाने उत्तरेला निघतात. वॉर्बलर जातीचे यातले कित्येक पक्षी वजनाने दहा-बारा ग्रॅमचेच. बहुतेक प्रवास रात्री. पहाट झाली की थकलेल्या पाखरांना खाली सिमेंट, काच आणि दिवे यांचा समुद्र दिसतो आणि त्यात एखादा हिरवा ठिपका. ती तिथे उतरतात, अळ्या-किडे खातात, अंगात बळ आले की पुढे निघतात. ग्रीन-वूड हा असा ठिपका आहे. झाडे दीड-दीडशे वर्षांची, तळी आहेत, कुत्र्यांना आणि सायकलींना मनाई आहे. मेलेल्यांची जागा म्हणून कोणी तिथे टॉवर बांधला नाही, म्हणून जिवंतांना आसरा मिळाला.

आणखी एक गंमत. आपली घरचिमणी मूळची अमेरिकेची नव्हे. १८५०च्या दशकात ती इंग्लंडहून ब्रुकलिनला आणली गेली आणि त्यातल्या काही चिमण्या याच ग्रीन-वूडमध्ये सोडल्या गेल्या. दफनभूमीच्या भव्य दगडी कमानीवर हिरव्या पोपटांची मोठमोठी घरटी आहेत. ते पोपट मूळचे अर्जेंटिनाचे. म्हणजे दारावरचे रहिवासीच स्थलांतरित! पाखरांना तिथे कोणी मूळ गाव विचारत नाही. माणसांना मात्र विचारले गेले आहे.

मेल्यावरही वेगळी रांग

ग्रीन-वूडच्या एका कडेला काही भूखंड आहेत. त्यांना पूर्वी 'कलर्ड लॉट्स' म्हणत. आता त्यांना 'फ्रीडम लॉट्स' असे नाव दिले आहे. हजाराहून अधिक काळी माणसे तिथे पुरलेली आहेत. दक्षिणेतल्या गुलामीच्या मळ्यांची ही कहाणी नाही. ही उत्तरेतली, स्वतःला पुढारलेले समजणाऱ्या शहरातली, एकाच फाटकाच्या आतली वेगळी रांग आहे.

मॅनहॅटनमध्ये तर याहून पुढची गोष्ट घडली. १६९७ साली ट्रिनिटी चर्चने आपल्या आवारात काळ्यांना पुरायला बंदी घातली. मग गुलाम आणि मुक्त आफ्रिकन माणसे शहराच्या हद्दीबाहेर आपले मृत पुरू लागली. शहर वाढले, त्या जागेवर भराव पडला, इमारती उठल्या आणि सगळे विसरले. १९९१ साली सरकारी कार्यालयाची इमारत बांधताना खोदकामात सांगाडे निघाले. चारशेहून अधिक मृतांचे अवशेष बाहेर आले. त्या जागी सुमारे पंधरा हजार माणसे पुरलेली असावीत असा अंदाज आहे. काळ्या समाजाने आंदोलन केले तेव्हा कुठे इमारतीचा आराखडा बदलला, २००३ साली अवशेष सन्मानाने पुन्हा पुरले गेले आणि २००६ साली ती जागा राष्ट्रीय स्मारक झाली.

आता त्याच ट्रिनिटी चर्चची मॅनहॅटनच्या वरच्या भागातली दफनभूमी पाहा. तिथे जॉन जेम्स ऑड्यूबॉन याचे उंच स्मारक आहे. अमेरिकेतल्या पक्ष्यांची चित्रे काढणारा हा माणूस. पक्षीप्रेमींच्या संस्थाच्या संस्था त्याच्या नावाने चालल्या. या ऑड्यूबॉनने माणसे विकत घेतली, विकली. गुलामी संपवण्याच्या चळवळीला त्याचा विरोध होता. युद्धभूमीवर पडलेल्या मेक्सिकन सैनिकांच्या कवट्या गोळा करून त्याने वंशश्रेष्ठत्वाचे 'शास्त्र' मांडणाऱ्या सॅम्युएल मॉर्टनला पाठवल्या. पाखरांच्या पिसातले रंग इतक्या मायेने टिपणाऱ्या डोळ्यांना माणसाच्या कातडीचा रंग दिसला की माणूस दिसेनासा व्हायचा.

निसर्गप्रेम माणसाला आपोआप मोठ्या मनाचे करते, असे समजणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. करुणा ही शिकण्याची, सरावाची गोष्ट आहे. ती दुर्बिणीबरोबर फुकट मिळत नाही.

कायदा फाटक उघडतो, नजर कडी घालते

२५ मे २०२० रोजी सकाळी क्रिश्चन कूपर हा काळा पक्षीनिरीक्षक सेंट्रल पार्कच्या झाडीत पक्षी पाहत होता. तिथे कुत्र्याला साखळी लावणे सक्तीचे आहे. एका गोऱ्या बाईचा कुत्रा मोकळा होता. कूपरने तिला नियम सांगितला. बाईने पोलिसांना फोन लावला आणि एक आफ्रिकन-अमेरिकन माणूस मला धमकावतोय अशी तक्रार केली. कूपरने हे सारे चित्रित केले म्हणून जगाला कळले. त्याच दिवशी मिनिआपोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइडचा पोलिसाच्या गुडघ्याखाली जीव गेला. म्हणजे त्या फोनचा शेवट काय होऊ शकत होता, हे वेगळे सांगायला नको.

त्या पार्कमध्ये काळ्या माणसाला यायला कायद्याने बंदी होती का? मुळीच नाही. महाडच्या चवदार तळ्यावर कायद्याने बंदी होती का? नव्हती. १९२३ साली मुंबई विधिमंडळात बोले यांचा ठराव झाला, १९२४ साली महाड नगरपालिकेने तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. तरी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारो लोकांना घेऊन तळ्यावर जावे लागले, आणि त्यानंतर मार खावा लागला. तळे तेच, पाणी तेच. कागदावरचे फाटक उघडले होते, पण नजरांनी कडी घातली होती.

महाडची लढाई निव्वळ पाण्यासाठी नव्हती. सार्वजनिक जागेत माणूस म्हणून उभे राहण्यासाठी ती होती. सेंट्रल पार्कमधली सकाळ त्याच धड्याचे दुसरे पान आहे. तिथल्या काळ्या तरुण शास्त्रज्ञांनी आणि निसर्गप्रेमींनी ते ओळखले. काही दिवसांतच त्यांनी 'ब्लॅक बर्डर्स वीक' सुरू केला आणि आपले दुर्बिणीसह फोटो जगापुढे ठेवले. आम्ही इथे आहोत, आम्ही आधीपासून इथे होतो, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

आणि खरोखरच आधीपासून होते. जिथे आज सेंट्रल पार्कचा पश्चिमेकडचा भाग आहे तिथे सेनेका व्हिलेज नावाची वस्ती होती. १८२५ पासून काळ्या लोकांनी तिथे जमिनी घेतल्या, घरे बांधली, चर्च आणि शाळा उभारल्या. त्यांची दफनस्थळेही तिथेच होती. काळ्या पुरुषाला मत द्यायचे तर अडीचशे डॉलरची मालमत्ता दाखवावी लागे, म्हणून ती जमीन म्हणजे मताचा हक्कही होता. १८५७ पर्यंत बागेसाठी ती वस्ती उठवली गेली. शहराच्या फुरसतीसाठी कोणाच्या घरावरून नांगर फिरला, हे त्या बागेतले झाड सांगत नाही. आपल्याला विचारावे लागते.

आकाशातही वर्ण?

इथे आपल्या मंडळींना बरे वाटेल, की हा सगळा गोऱ्यांचा उद्योग. मग आपल्या आभाळाकडे पाहू.

आपल्याकडे दोन घारी सहज दिसतात. एक तपकिरी, उकिरड्यावर आणि मासळी बाजारावर घिरट्या घालणारी. दुसरी पांढऱ्या डोक्याची, तांबूस पंखांची, खाडीकाठी दिसणारी. सालिम अलींच्या पिढीच्या इंग्रजी पुस्तकांत पहिलीचे नाव होते 'पराया काइट', तर दुसरीचे 'ब्राह्मणी काइट'. पराया हा शब्द तमिळ प्रदेशातल्या परैयर या अस्पृश्य मानलेल्या जातीवरून इंग्रजीत गेला आणि 'बहिष्कृत' या अर्थाने रुजला. म्हणजे घाण खाते ती अस्पृश्य, गोरीगोमटी ती ब्राह्मण! गंमत अशी की ब्राह्मणी घारसुद्धा बंदरावर मेलेले मासे आणि टाकाऊ तुकडे आवडीने खाते. दोघींचा आहार सारखा, पण नावात चातुर्वर्ण्य.

'पराया काइट' हे नाव आता मागे पडले, 'ब्लॅक काइट' रूढ झाले. 'ब्राह्मणी' मात्र जागेवर आहे. मैनेतही ब्राह्मणी आहे, बदकातही. लोकांच्या मराठीने त्याच मैनेला भांगपाडी म्हटले, कारण तिच्या डोक्यावर भांग पाडल्यासारखे काळे केस दिसतात. त्याच बदकाला चक्रवाक म्हटले. आणि थंडीत उत्तरेकडून येऊन मार्च-एप्रिलमध्ये परतणाऱ्या, पाणवठ्यावर शेपटी आपटणाऱ्या चिमुकल्या पक्ष्याला आपण काय म्हणतो? धोबी, परीट. ब्राह्मण नावाच्या वाट्याला रूप, परीट नावाच्या वाट्याला धुणे.

अमेरिकेत यावर काम सुरू झाले आहे. गुलामीच्या बाजूने लढलेल्या सेनापतीचे एका पक्ष्याला दिलेले नाव २०२० साली बदलले. २०२३ साली तिथल्या पक्षीशास्त्रज्ञांच्या संस्थेने व्यक्तींच्या नावावरून पडलेली अमेरिका-कॅनडातल्या पक्ष्यांची इंग्रजी नावे बदलण्याचे जाहीर केले. ऑड्यूबॉनच्या नावाच्या राष्ट्रीय संस्थेने नाव कायम ठेवले, पण न्यूयॉर्क शहराच्या संस्थेने ते सोडले. आपल्याकडच्या पक्षीमित्र संमेलनांत ब्राह्मणी घारीच्या नावावर एखादे चर्चासत्र व्हायला काय हरकत आहे?

नाव बदलल्याने भाकरी मिळत नाही, हे मलाही कळते. पण मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरासाठी ज्या समाजाने घरे जळताना पाहिली, त्याला नावाचे मोल कोणी शिकवू नये.

आणखी एक नोंद. पक्ष्यांचे ज्ञान म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे टोपी घातलेला शहरी माणूस येतो. पण पक्षी पकडून पायात कडी अडकवायची, मग सोडून त्यांचा प्रवास शोधायचा, हे स्थलांतराच्या अभ्यासाचे मूळ काम ज्या हातांवर उभे राहिले त्यात बिहारच्या मीरशिकारांचे हात होते. महाराष्ट्रातल्या फासेपारध्याला तितराची, लाव्याची चाल जितकी कळते तितकी क्वचितच कोणाला कळत असेल. त्या ज्ञानाला आपण काय दिले? इंग्रजांनी १८७१च्या कायद्याने अशा जमातींवर जन्मजात गुन्हेगार हा शिक्का मारण्याची सोय केली. १९५२ साली शिक्का कागदावरून पुसला, गावाच्या नजरेतून पुसला नाही. आज पारध्याचा पोरगा माळरानावर दुर्बीण घेऊन उभा राहिला तर किती मिनिटांत पोलीस पाटलाला फोन जाईल? सेंट्रल पार्क फार लांब नाही.

स्मशान कोणाचे?

आता ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या मूळ मुद्द्याकडे. ऑगस्ट २०१९ मध्ये तमिळनाडूत वेल्लोर जिल्ह्यातल्या वाणियंबाडीजवळ दलितांना आपल्या माणसाचा मृतदेह दोरांनी बांधून पुलावरून खाली सोडावा लागला, कारण स्मशानाकडे जाणारी वाट सवर्णांच्या शेतातून जात होती. मद्रास उच्च न्यायालयाने त्याची स्वतःहून दखल घेतली. महाराष्ट्रात आपण वेगळे आहोत असे म्हणण्याची सोय नाही. मी ज्या तालुक्यात काम करते तिथे कित्येक गावांत दोन-दोन स्मशाने आहेत. एकाला शेड, फरशी, हातपंप आणि सिमेंटचा रस्ता. दुसरे ओढ्याच्या काठाला, पावसाळ्यात चितेवर पत्रे धरून उभे राहावे लागते असे.

ज्या समाजाने पिढ्यान्पिढ्या गावकीच्या नावाखाली इतरांच्या मौतीचे सांगावे गावोगाव पोचवले, सरणाची लाकडे वाहिली, त्याच समाजाला स्वतःच्या मौतीला जागा नाही. मरण विटाळ मानायचे आणि विटाळाचे काम एका जातीच्या गळ्यात बांधायचे, ही ब्राह्मणी व्यवस्थेची करामत. तथागताने नेमके उलटे शिकवले. भिक्खूंनी स्मशानात टाकलेल्या वस्त्रांची चिवरे शिवली, त्यांना पांसुकूल म्हणतात. स्मशानात बसून देहाची अनित्यता न्याहाळण्याची साधना सतिपट्ठान सुत्तात सांगितली आहे. बुद्धाच्या मार्गात स्मशान ही भिण्याची, विटाळाची जागा नव्हती. ती डोळे उघडण्याची जागा होती. आणि आपल्याला हे पुस्तकातून शिकायची गरज नाही. ७ डिसेंबर १९५६ रोजी दादरच्या चौपाटीवर बाबासाहेबांवर अंत्यसंस्कार झाले, त्या जागेची आपण चैत्यभूमी केली. दर ६ डिसेंबरला लाखो लोक तिथे येतात, पुस्तके विकत घेऊन परततात, आणि दर वर्षी कोणाला तरी फक्त कचरा आणि गर्दी दिसते. नजर कडी घालते, ती अशी.

फुरसत हा लोकशाहीचा प्रश्न आहे

'पक्षी पाहणे हे चोचले' या म्हणण्याला बाबासाहेबांनीच उत्तर देऊन ठेवले आहे. १९४५ सालच्या 'व्हॉट काँग्रेस अँड गांधी हॅव डन टु द अनटचेबल्स' या ग्रंथात गांधीवादाची चिकित्सा करताना ते यंत्रांची बाजू घेतात. का? यंत्रामुळे माणसाला फुरसत मिळते आणि फुरसतीशिवाय सुसंस्कृत जीवन शक्य नाही म्हणून. जनावर फक्त पोटासाठी राबते. माणसाने त्यापलीकडे मनासाठी, बुद्धीसाठी जगावे आणि ही संधी मूठभरांची मिरासदारी नसावी, हा त्यांचा युक्तिवाद आहे. ज्यांनी आपल्याला हजारो वर्षे राबवले त्यांनी आपल्याकडून काय काय घेतले? जमीन घेतली, विद्या घेतली, हे आपण म्हणतो. त्यांनी आपली फुरसतही घेतली, हेही म्हणायला शिकले पाहिजे.

९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठात पंचवीस वर्षांच्या भीमरावांनी भारतातील जातींवरचा आपला निबंध वाचला. उत्तरेकडे निघालेले पक्षी त्या शहरावरून जाण्याचे ते ऐन दिवस. वरती लाखो पाखरे सीमा ओलांडत होती आणि खाली एक विद्यार्थी माणसाने माणसाभोवती घातलेल्या कुंपणाची उकल करत होता. त्यांच्या वाट्याला अभ्यासापलीकडे फारशी उसंत आली नाही. ती आपल्या लेकरांच्या वाट्याला यावी यासाठीच तर तो अभ्यास होता. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' लिहिताना त्यांनी बाण लागलेल्या पक्ष्याची गोष्ट आवर्जून घेतली आहे. देवदत्त म्हणतो, मी मारला म्हणून माझा. सिद्धार्थ म्हणतो, मी वाचवला म्हणून माझा. निवाडा सिद्धार्थाच्या बाजूने होतो. मालकी कोणाची, मारणाऱ्याची की जपणाऱ्याची? जमिनीच्या, पाण्याच्या, जंगलाच्या प्रत्येक भांडणात हाच प्रश्न आहे.

म्हणून आधी स्मशानाची वाट की आधी पाखरे, असा झगडा लावू नये. दोन्हींची मागणी एकाच अर्जात करता येते.

पहिली गोष्ट, येत्या ग्रामसभेत ठराव मांडा, की गावात एकच स्मशानभूमी असेल, ती सर्व जातिधर्मांच्या मृतांना खुली असेल आणि तिच्या वाटेची सरकारदरबारी नोंद होईल. शेड, पाणी, रस्ता यांसाठी जनसुविधेचे अनुदान असते. ते फक्त वरच्या आळीच्या स्मशानावर खर्च होत असेल तर माहिती अधिकारात हिशेब मागा. दुसरी गोष्ट, त्या जागेत वड, पिंपळ, उंबर, कडुनिंब लावा. शोभेची परदेशी झुडपे नकोत. तिसरी गोष्ट, उन्हाळी शिबिरात पोरापोरींना भाषणांच्या जोडीने एक सकाळ गावाच्या कडेने फिरवा. पारधी वस्तीतल्या एखाद्या आजोबांना मानधन देऊन गुरुजी म्हणून बोलवा. विहाराच्या वाचनालयात ग्रंथांशेजारी दोन दुर्बिणी ठेवा. वर्गणीतून सहज होतील.

कोणी विचारेल, याने क्रांती होणार का? एका सकाळीने होत नाही. पण आपली मुलगी गळ्यात दुर्बीण अडकवून गावच्या स्मशानात वडाखाली उभी राहील, 'इथं काय करतेस?' असे कोणी दरडावून विचारणार नाही, आणि विचारलेच तर ती मान वर ठेवून 'परीट बघतेय, उद्या-परवा जाईल तो उत्तरेला' असे सांगेल, त्या दिवशी गावातली एक कडी निघालेली असेल. ती काढणे हे चळवळीचेच काम आहे.

जय भीम!